खांद्यावर धरलेला नेम

२२ सप्टेंबर ७८
सायखेड्याचा विलास सकाळीच माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात. वडिलांचं, आप्पांचं, रिव्हॉल्व्हर घेऊन. परवान्यावर दोघांची नावं, तपासली. तक्रार: चाळीस पावलांवर गोळी दीड वीत डावीकडे अन् वीतभर खाली जाते. मागची खाच फ्रेममध्येच कोरलेली, ती हलत नाही. काय करायचं ते पुढच्या माशीचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या उंचवट्याचं.
"आप्पांना सांगू नका काका. खंडेनवमीला गोळीनं मडकं फोडत्यात ते. यंदा म्हाताऱ्याला सरळ नेम धरू द्या की."
हो म्हटलं. असल्या कामाची मला खाजच आहे.

२५ सप्टें.
मागच्या आवारात वाळूच्या पोत्यांवर सहा गोळ्या. सहाही डावीकडे खाली, तळहाताखाली झाकतील अशा. हत्यार लबाड नाही. चुकतं, पण रोज एकाच जागी चुकतं.
डावीकडे लागतं म्हणून माशी डावीकडेच न्यायची. शिकाऊ माणूस इथे हमखास उलटं करतो. माशी नळीवरच पक्की, म्हणून नळी केसभर फिरवली. खाली लागतं, म्हणून माशी कानसून बुटकी करायची. दोन हात कानस, एक गोळी. पुन्हा दोन हात. घासलेलं लोखंड परत येत नाही, तेव्हा घाई नाही.

२८ सप्टें.
तीन गोळ्या, तिन्ही मधोमध. स्वतःवरच खूष. बायकोला, कुसुमला, निशाणाचा कागद दाखवला तर म्हणाली, "बरं झालं. आता जेवायला या."
दुपारी विलास रि. घेऊन गेला.

७ ऑक्टो.
विलासची बायको सुनंदा बाजाराला आलेली, जाता जाता पेढे द्यायला दुकानात. म्हणाली, "यंदा ताट घेऊन मी उभी राहणार काका. सासूबाई माघात गेल्या ना."
कुठे उभी राहणार, विचारलं.
"मडक्याशेजारीच की. उजव्या अंगाला."
मग सगळी रीत तिनेच सांगितली. मडकं खांबावर, शेजारी घरची बाई औक्षणाचं ताट घेऊन. पस्तीस वर्षं सासूबाई तिथे उभ्या. आप्पा नेम धरायचे तो त्यांच्या खांद्यावर, आणि फुटायचं शेजारचं मडकं. घरात सगळ्यांना ठाऊक, थट्टाही चालायची; विलास तर ती नुसती थट्टाच समजायचा म्हणे. "आप्पा म्हणत्यात, तिच्या खांद्यावरचा पदराचा काठ हाच माझा ठिपका."
पेढा खाली ठेवला. आप्पा यंदाही खांद्यावरच धरणार. आणि गोळी आता धरली तिथेच जाते. मीच तशी करून दिली.
सुनंदाला सगळं सांगितलं. काही झालं तरी उभी राहू नकोस म्हटलं.

१० ऑक्टो. खंडेनवमी
पहिल्या एस.टी.ने सायखेडा. विलासने आप्पांना सांगितलेलंच नव्हतं. "सुनंदा उभी राहत नाही, मग काय बिघडतंय? मडकं चुकेल, एवढंच." मीही गप्प बसलो. म्हाताऱ्याचा मान, माझा भित्रेपणा.
अकराचं ऊन. नदीकडचा बांध, खांबावर मडकं, उजवीकडे रिकामी जागा. ताट विलासच्या हातात, आमच्यासोबत मागे. आप्पांनी हात उचलला. नळी मडक्याच्या उजवीकडे जाईल म्हणून वाट पाहत होतो. हात थोडा तिकडे गेला. थांबला. मग हळूच डावीकडे खाली आला.
मडक्याच्या ठिकऱ्या.
जवळ जाऊन विचारलं, "आप्पा, नेम कुठं धरला?"
"तिच्या खांद्यावर. आणिक कुठं?"
"तिथं कुणी नव्हतं, आप्पा."
"व्हती की. यंदा तेवढी सरकून खाली बसली व्हती, मडक्याच्या मागंच. पाय दुखले असतील."
विलासने ताट बांधावर ठेवलं. तपासायला म्हणून रि. सोबत घेऊन आलो.

१२ ऑक्टो.
तीन गोळ्या. मधोमध. माशी मापली, २८ तारखेला होती तेवढीच.

१३ ऑक्टो.
विलास आला. अखेर आप्पांना सगळं सांगितलं म्हणे. आप्पा रागावले नाहीत. निरोप एवढाच: "व्हतं तसं करून दे. माझ्यासमोर ती कधी बसली नाय. तिची उभं राहायची जागा घालवली तुम्ही."
करता येईल. माशीवर पितळ वितळवून भरायचं, उंची परत आणायची, नळी परत फिरवायची. अर्ध्या दिवसाचं काम.

१५ ऑक्टो.
आज सुनंदा. एकटीच. बसली नाही.
"काका, जुनं करू नका. जुनं झालं की रीत पण जुनीच. तिथं ताट घेऊन मलाच उभं करतील. खांद्यावर नेम घेऊन मी नाही उभी राहायची." दारापर्यंत गेली, वळली. "आणि सासूबाई पस्तीस वर्षं उभ्याच होत्या हो. आता बसल्यात तर बसू द्या."
आप्पांचा शब्द मोडवत नाही. हिचा तर मुळीच नाही. आणि मी कुणाच्या बसण्या-उठण्याचा विचार करतोय, तेही कळत नाही.

१८ ऑक्टो.
सकाळी पितळ, डाखासाठी टाकणखार आणि पितळ वितळवायची बत्ती काढून ठेवली. कामाला लागण्याआधी एकदा रिकामं रि. भिंतीवरच्या ठिपक्यावर धरून पाहत होतो. कुसुम चहा घेऊन आली ती नेमकी ठिपक्याच्या उजवीकडे येऊन थांबली. तिचा खांदा, पदराचा काठ. पटकन हात खाली घेतला.
म्हणाली, "उभीच आहे सकाळपासून. बसू का जरा?"
बस म्हटलं. बत्ती अजून पेटवलेली नाही.