लेडी डगन यांची खुर्ची

प्रिय मर्व्ह,

पाकिटावर ‘सर मर्व्हिन डगन’ दिसेल, ते पोस्टातल्या ग्वेनचं काम. पत्र लिहायला मला धीर यावा म्हणून मी आधी पाकीटच घेतलं आणि पोस्टातच पत्ता लिहिला. ‘मर्व्ह डगन, कॅनबेरा’ एवढंच वाचून ग्वेननं ते परत सरकवलं. “राणीनं दिलेलं ‘सर’ गाळणारी तू कोण? माझ्या पोस्टातून जाणार आहे ते, नीट लिही.” मग तिनंच नवं पाकीट काढून आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं.

तुझ्या सत्काराच्या आधी काय काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. जूनमध्ये पेपरात तुझं नाव आलं, तेव्हापासून आमच्या कौन्सिलचे अध्यक्ष लेस कथबर्ट यांचे पाय जमिनीवर नव्हते. आपल्या खोऱ्यातला मुलगा, सफरचंदावरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग हटवणारा, तो सर झाला. मग स्वागत कसं हवं? त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना हॉलमध्ये बोलावून गुडघे वाकवून अभिवादन करायची तालीम घेतली. ग्वेन खाली गेली ती वर येईना. लाकडाच्या गिरणीतल्या दोघांनी तिला उचललं. नंतर होबार्टच्या सरकारी कचेरीत फोन केल्यावर लेसना कळलं, की तसं राणीपुढे वाकतात, सर लोकांपुढे नाही. “मग माझ्या गुडघ्याची भरपाई राणीकडूनच आणून द्या,” ग्वेन म्हणाली. ती अजून लंगडतेय, पण कौन्सिलचा माणूस दिसला की जरा जास्तच.

खुर्चीचं मात्र तुला सांगायलाच हवं. लेसनी छापखान्यातून नावांच्या चिठ्ठ्या करून आणल्या होत्या, आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीपुढे ‘लेडी डगन’ अशी चिठ्ठी होती. तुझी जोन वारल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं, आणि कुणीच सांगितलं नाही. मी स्पंज केक ठेवायला गेले तेव्हा चिठ्ठी पाहिली. लेसच्या कानात सांगितलं तर बिचारे पांढरेफटक पडले. चिठ्ठी उचलायला ते वळले, तोच तू दारात उभा. बुटांना चिखल आणि गळ्यात टाय नाही. “सर झाला आणि टाय नाही,” असं मागच्या बाकावरून कुजबुजलेलं मी ऐकलं.

तू ती चिठ्ठी वाचलीस. मी किटली धरून टेबलाच्या टोकाला उभी होते, आणि तू ती खुर्ची ओढून म्हणालास, “थेल्मा, किती वेळ उभी आहेस? बस. चहा मी देतो.” मी नको म्हणायला हवं होतं. पण पाय खरंच भरून आले होते, मी बसले. आणि तू किटली घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरलास, ज्याला त्याला झाडांची छाटणी कुठवर आली ते विचारत, निम्मा चहा बशीत सांडत. म्हाताऱ्या पर्सीनं तुला साखर कमी पडली म्हणून परत बोलावलं. तो आता सांगत फिरतो, की सरनं मला दोनदा वाढलं.

त्याच हॉलमध्ये आपण नाचायचो ते मी विसरले नाही. पुढे तुला शिष्यवृत्ती मिळाली आणि मला वडिलांची बाग. त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. अल्फबरोबर माझे दिवस चांगले गेले, जोनबरोबर तुझे. हे लिहून टाकते, कारण गाव आता आपल्यावर भलत्या कहाण्या रचायला लागलंय.

त्या संध्याकाळी हॉलच्या ओसरीवर तू जे विचारलंस, त्यावर मी म्हणाले, कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात, आणि गाडी काढून सुटले. कोंबड्या दुपारीच कोंडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खाटकाकडे गेले तर तो म्हणतो, “बाईसाहेबांना चॉप्स पातळ हवेत की जाड?” दुकानात सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन भांडी आपटली. या वयात किताबासाठी नवरा गाठला असं म्हणवून घ्यायचं? शिवाय कॅनबेराला येऊन मी करू काय? इंग्लंडनं आपली सफरचंदं घेणं सोडल्यापासून निम्मी बाग उपटून टाकावी लागली. उरलेल्या झाडांना सोडून जाणं माझ्याच्यानं होणार नाही. तुला नाही म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं.

सोमवारी छाटणीला वरच्या ओळीत गेले. वाऱ्यानं स्टर्मर सफरचंदाच्या झाडाची एक मोठी फांदी फाटली होती. कुणीतरी ती टेकू देऊन सरळ केली होती आणि खोडाशी घट्ट बांधली होती, निळ्या रेशमी टायनं. हॉलवर येण्याआधी तू माझ्या बागेत शिरला होतास तर. मी शिडीवर बसून एकटीच हसत राहिले.

ग्वेनला ते सांगितलं आणि लोक काय म्हणतील तेही. ती म्हणाली, “अगं, अल्फशी लग्न केलंस तेव्हा तू त्याच्या ट्रॅक्टरसाठी केलंस असं म्हणत होते. कधी धड चालला का तो?”

म्हणून हे पत्र. मर्व्ह, माझं उत्तर हो आहे. पण कॅनबेराला मी येणार नाही, तू इकडे ये. जोनचा फोटो घेऊन ये; शेकोटीवरच्या फळीवर अल्फच्या फोटोशेजारी जागा आहे, आणि अल्फला गप्पांची आवड होती. लेडी डगन मला ग्वेननं म्हणावं, तेही तिचा गुडघा बरा होईपर्यंतच. छाटणी अजून दोन ओळींची राहिली आहे, ती संपायच्या आत पोचलास तर बरं. नाही पोचलास तरी मी शिडीवरून खाली उतरून फाटकाशी येईन. या वेळी कोंबड्यांचं नाव काढणार नाही.

तुझीच,
थेल्मा