येळवशीला हरवलेली आई

प्रिय आलिया,

तू मला ओळखत नाहीस. अनोळखी बाईचं पत्र हॉस्टेलवर आलं म्हणून दचकू नकोस, तुला सून करून घ्यायला मला मुलगा नाही. मी उदगीरची शिवकांता. तुझा पत्ता तुमच्या गल्लीतल्या तारामतीकडून काढला, आणि तो देता देता तिने मला भंडावून सोडलं. ती फोन नंबरही देत होती. पण अनोळखी नंबर तुम्ही पोरी कापून टाकता, आणि उचलला असतास तरी मी पहिल्याच वाक्याला तुझ्यावर रागावले असते. लिहिताना माझा आवाज जरा खाली राहतो. मला तुला एक हकिकत सांगायची आहे. तिचा आपल्याशी काय संबंध, असं मध्येच वाटेल, तरी वाचत राहा.

माझी आई जगदेवी माझ्याकडेच असते. मी एकुलती एक, तेव्हा ती जाणार तरी कुठे? वय झालंय, आणि अलीकडे तिला विसर पडायला लागलाय. आधी चष्मा विसरायची, मग जेवण झाल्याचं विसरायला लागली, आता कधी कधी मला विसरते. आम्ही लिंगायत, आईचं माहेर भालकीकडचं. इतकी वर्षं इथे मराठीत भांडली, पण आता विसरता विसरता ती परत लहानपणच्या कानडीवर गेली आहे. मला कानडी येते ती शिव्यांपुरती. त्यामुळे ती काय मागतेय ते कळत नाही, आणि मग दोघी एकमेकींवर चिडतो. सकाळ झाली की तिचं एकच, माहेरी जायचंय, माझी अव्वा वाट बघतेय. तिची अव्वा, म्हणजे माझी आजी, जाऊन किती काळ लोटला ते सांगण्यात अर्थ नसतो. सांगितलं की ती नव्याने रडते.

येळवस, आपली वेळा अमावास्या, तुला सांगायला नको. आपल्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. आमचं शेत नांदेड रस्त्याला लागून आहे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील, खीर सगळं मांडलं, आणि रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारायला सुरुवात झाली. त्या दिवशी कोण, कुठला, कुठल्या जातीचा, हे विचारायचं नसतं. या, बसा, जेवा. मी वाढण्यात गुंतले होते. पाहुण्यांचा गराडा, लेकरांचा दंगा. मान वर करून बघते तर आईच्या पत्रावळीवर भज्जी तशीच, आणि आई नाही.

पहिल्यांदा वाटलं, असेल इथेच. मग तुरीत शिरलो, हरभरा तुडवला. शेजारच्या मलप्पाच्या शेतात विचारलं तर तो हसून म्हणाला, “आमच्यात जेवली की म्हातारी. आंबील पिऊन फुडं गेली. बस ताई, तू बी खाऊन जा.” त्याच्या पुढच्यांनीही तेच सांगितलं. आम्ही त्यांना काळजीने विचारतोय आणि ते आम्हालाच जेवायला बसवतायत. “येळवशीला कुणी हरवत असतंय व्हय?” म्हणे. चूक कुणाचीच नव्हती बघ. जी ती बाई समजली, म्हातारी शेजारच्या कोपीतली असेल. पोट भरून, पदराला गुळाचा खडा बांधून तिला पुढच्या शेताच्या वाटेला लावलं. हरवलेल्या माणसाला हरवलेलं कुणी समजूच नये, असा सण आपला!

आमचे मालक गाडी घेऊन उदगीरकडे गेले, ती घराकडेच गेली असेल असं धरून. आणि ती नेमकी उलटी, नांदेडच्या दिशेने निघाली होती. मालक रिकामे परत आले तेव्हा माझं अवसान गेलं. आमच्या विहिरीला कठडा नाही. कुणीतरी गळ आणायला पळालं. मी काठावर बसून होते, पाण्यात बघायची हिंमत होत नव्हती आणि नजर हटतही नव्हती. आईवर किती वेळा ओरडले होते, ते सगळं त्या पाण्यात दिसत होतं.

मग बांधावरून दोघी येताना दिसल्या. एक माझी आई, आणि तिचा हात धरलेली एक बुरख्यातली बाई. आईच्या पायात त्या बाईच्या चपला होत्या आणि बाई ढेकळांतून अनवाणी चालत होती. बुरख्याखाली नव्याकोऱ्या मोरपंखी साडीचा काठ, तो सगळा मातीने भरलेला. आई चक्क हसत होती. मी धावत जाऊन आईला मिठी मारली आणि लहान पोरासारखी रडले. इतकं सुटल्यासारखं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. आईने मला ढकललं आणि कानडीत त्या बाईला विचारलं, ही कोण?

त्या बाईचं माहेर कर्नाटकातलं औराद, तिला कानडी येत होती. आई भर रस्त्यात चालत होती, तेव्हा तिने पहिल्यांदा एवढंच विचारलं, “ऊटा आतेन, अव्वा?” म्हणजे जेवलीस का आई. आई म्हणाली, माहेरी चाललेय. ही म्हणाली नाही की तुझं माहेर कुठलं आता. म्हणाली, मीही तिकडेच निघालेय, गाडी येईपर्यंत लिंबाखाली बसू. स्वतःच्या डब्यातले चोंगे, त्या गुळाच्या गोड पोळ्या, तिला खाऊ घातले. नवऱ्याचं नाव, गावाचं नाव काढून घ्यायला बघितलं, आईला काही आठवेना. मग ती आईला घेऊन शेतोशेत मागे निघाली. प्रत्येक कोपीत विचारायचं, ही अव्वा तुमची का? “आमच्यात जेवली, पर आमची न्हाई, त्या तिकडून आली.” जेवणांच्या मागावर मागे मागे येत ती आमच्या कोपीशी पोचली. मला वाटलं, बाई गाडीची वाट बघत फाट्यावर उभी असेल, तिथे आई भेटली. कुठे भेटली विचारलं तर तिनेही एवढंच सांगितलं, “रस्त्यात भेटली.” आम्ही जेवायला बसवलं तर दोन घास खाल्ले आणि उठली. परतताना आमच्या गाडीतून तिला उदगीरला तिच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं तर आत येऊ दिलं नाही, “अव्वा थकली, तिला घरी न्या पहिलं.” शिवणकाम करते, एवढं कळलं होतं.

खरी गोष्ट नंतर रामलिंगने सांगितली. हा आमच्याच गावचा, त्या दिवशी नांदेडच्या एसटीत होता. तो म्हणाला, ती बाई फाट्यावर उभी नव्हतीच, गाडीत बसलेली होती, खिडकीपाशी, डबा मांडीवर घेऊन. म्हातारी रस्त्याच्या मधून चालताना सगळ्यांनी पाहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून गाडी बाजूने काढली. सगळे म्हणाले, येळवशीची पाहुणी आहे कुणाची तरी. हिने उठून घंटी मारली. कंडक्टर वैतागला, “मावशी, आज गाड्या न्हाईत. उतरलाव तर नांदेड इसरा.” ती क्षणभर दारात थांबली, असं रामलिंग म्हणतो. मग उतरली. गाडीभर माणसं होती, आलिया, आणि रामलिंगही होता, तो मान खाली घालून सांगत होता.

हे ऐकून मी साडी-चोळी घेऊन तिच्या माडीवरच्या घरी गेले. तिने चहा पाजला, साडी परत केली. आणि नांदेडला कशाला निघाला होतात, असं विचारलं तर मशिनवरचा कपडा सरळ करत बसली. खाली गल्लीत आल्यावर तारामतीने सांगितलं. हिची पोरगी नांदेडला नर्सिंगला आहे. त्या दिवशी पोरींचा शपथेचा कार्यक्रम होता, आयांना स्टेजवर बोलवून त्यांच्या हातून मेणबत्ती पेटवायची होती. हिची आई पोचलीच नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाली, गाडी चुकली. पोरगी म्हणाली, तुला गिऱ्हाइकांचे ब्लाऊजच मोठे. तेव्हापासून फोन उचलत नाही. मी तशीच परत वर गेले आणि म्हटलं, अहो, सांगा ना तिला खरं! तर ती बाई, सुलतानबी तिचं नाव, म्हणाली, “बोल के दिखाए सो नेकी काय की? और उस को लगेगा, अम्मी को मेरे से जादा पराई बुढ्ढी प्यारी.”

आता कळलं ना, का लिहितेय? सुलतानबीने मला शपथ घातली होती की पोरीला कळवायचं नाही, ती मी मोडते आहे. तिला समजलं तर माझा एकही ब्लाऊज नीट शिवायची नाही, शिवू दे वाकडे. तुझा राग खोटा नाही. बाकीच्या पोरींच्या आया स्टेजवर होत्या आणि तू एकटी उभी होतीस, याचं मला फार वाईट वाटतं. पण गाडी चुकली नव्हती. तुझ्या अम्मीने ती सोडली, आणि सोडताना दारात जी थांबली ना, ती तुझ्यासाठी थांबली होती. तुझ्या वाट्याची आई त्या दिवशी माझ्या आईला मिळाली, म्हणून मला आई आहे. आत्ता ती पलीकडच्या खोलीत कुणावर तरी कानडीत ओरडतेय, बहुतेक माझ्यावरच, आणि मला ते ऐकायला गोड लागतंय. फोन उचल, आलिया. पुढच्या रविवारी आमची गाडी नांदेडला येणार आहे. तुझी अम्मी तिच्यात असेल, मी तिला पुढच्या सीटवर बसवणार आहे आणि वाटेत कुणीही दिसलं तरी उतरू देणार नाही, त्यासाठी उतरायला मी आहे. तू फक्त त्या पांढऱ्या गणवेशात हॉस्टेलच्या दारात उभी राहा, आणि एक मेणबत्ती आणून ठेव.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
शिवकांतामावशी