ओकच्या खोडांवरचे लाल पट्टे

मी, वाल्बुर्गा हाइमबुख, वय एकोणऐंशी, राहणार जर्मनीतल्या श्पेसार्टच्या डोंगरात, कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे.

१. राहतं घर भाची इर्मेला हिला. सफरचंदाच्या दारूचं पिंप मात्र तिच्या नवऱ्याच्या हाती लागू देऊ नये. कारण त्याचं त्याला ठाऊक आहे.

२. वडिलांनी ओकचं रान माझ्या आणि धाकटा भाऊ ओटमार याच्या नावे सामाईक ठेवलं. वरच्या अंगाला ओटमारनं दर तिसरं झाड तोडून रान विरळ केलं, तेव्हा मी त्याला भर जत्रेत कसाई म्हटलं. तो म्हणाला, "ताई, एका ताटावर दहा जण बसवलेस तर दुष्काळात दहाही उपाशी मरतील." मी ऐकलं नाही.

३. वीस वर्षांपूर्वी खालच्या अंगाला लाकूडतोड्या फाइटनं तोडायच्या झाडांवर लाल पट्टे मारले. तोडीच्या आदल्या रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, मी तारेच्या ब्रशनं एकूण एक पट्टा घासून काढला. ओटमार फाइटवर उखडला, "रंगात पाणी घातलंस आणि उरलेला विकलास ना?" मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. फाइटला त्यानंतर खोऱ्यात कोणी रानात पाऊल ठेवू दिलं नाही. तो आता दफनभूमीतली पानं झाडतो. भेटला की अजून टोपी काढतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तोड राहिली ती राहिलीच. पुढे तोडीच्या कागदावर मी सहीच दिली नाही. मग लागोपाठ तीन उन्हाळे कोरडे गेले. वरच्या ओकांनी पानं धरून ठेवली. खालचे, मी वाचवलेले, शेंड्यापासून वाळत आले. निम्मे गेले. त्यांना मीच मारलं.

४. रानातला माझा हिस्सा फाइटला. जे ओक जगले आहेत त्यांची विरळणी त्यानंच करावी. पट्टे कोणत्या झाडांवर, हे त्यालाच विचारावं.

५. ~~तारेचा ब्रश माझ्या मृत्यूनंतर ओटमारला द्यावा. तारांत लाल रंग अजून आहे.~~

खुलासा: कलम पाच मीच खोडलं आहे. सही करण्याआधी शेजारीण रोझविटानं सगळं वाचलं आणि म्हणाली, "मेल्यावर कबुली? म्हणजे शिव्या खायला तू नसणार. बरं जमवलंस." ब्रश पिशवीत घातला आहे. ती गाडी काढते आहे. आधी फाइटकडे, मग ओटमारकडे.

साक्षीदार: रोझविटा क्लुम्प (सही)
एगिडियुस राउ, टपालवाला (सही)

वाल्बुर्गा हाइमबुख (सही)
श्पेसार्ट, १४ ऑक्टोबर २०२३