सैल खोळी

बेट,
९ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं, पण हे भावजींना सांगू नकोस, वर्षभर चिडवतील. बेटावर सध्या नुसता राडा आहे. यॉट घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी तरंगता धक्का बांधून झालाय, त्यावर चालताना अजून माझा तोल जातो. त्यांच्या बंगल्यांना छपरं चढली आहेत, पण गोडं पाणी बोटीनेच येतं आणि आम्हाला अंघोळीला एक बादली मिळते. आमचं शिवणकाम पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. बेटाचे मालक रोज येऊन विचारतात, उद्घाटनाला सगळं पांढरंशुभ्र दिसेल ना? आम्ही रोज हो म्हणतो.

सजावटीचं काम ज्यांच्याकडे आहे त्या बाई फार चांगल्या आहेत. इथे सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणायला लागले. काल गादीच्या खोळीचा नमुना करायचा होता, तर ताईंनी कात्री सरळ माझ्या हातात दिली आणि स्वतः चहा प्यायला निघून गेल्या! आपल्या दुकानात इतकी वर्षं तू कापणार आणि मी शिवणार, त्यामुळे आधी दोनदा खडूने आखून पाहिलं. पण जमलं बरं का. ताई म्हणाल्या, हात छान आहे तुझा.

आता खरी बातमी. धक्क्यावरच्या बैठकांच्या सगळ्या खोळी आपल्या दुकानात करून घ्यायला ताई तयार झाल्या. कापड आणि मापं सोबत पाठवतेय. शिलाईला लागणारं जादा कापड या वेळी मीच मापात धरलंय, ताईंची तशी पद्धत आहे. म्हणजे तुला नुसतं त्या मापाने कापून शिवायचं.

भावजींना नमस्कार. मी लांब आले म्हणून लोभ लांब ठेवू नकोस.

तुझी,
ठकी


दुकान,
१७ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. तुझ्या एका पत्रात ताई हा शब्द इतक्यांदा आलाय की त्यातली मी कुठली आणि ती कुठली हे शोधताना तुझ्या भावजींची पुरेवाट झाली. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि मध्येमध्ये माझ्या तोंडाकडे बघून हसत होते. मी त्यांना सांगितलं, हसायला काय झालं, बाई चांगली असेल. चहा प्यायला जाताना कात्री दुसऱ्याच्या हाती देऊन जाणारी बाई चांगलीच असणार. कामाची किती आहे ते कळेलच.

मापं मिळाली. आजवर तू मला मोजलेलं माप द्यायचीस आणि जादा कापड मी धरायची, त्यात कधी चूक झालेली नाही. असो, तुझ्या ताईंची पद्धत वेगळी. तू शिलाई किती रुंद घालतेस हे त्यांना ठाऊक नाही, मला आहे.

इकडची काळजी करू नकोस. शेजारच्या घड्याळजींची सून तुझ्या मशीनवर बसायला लागली आहे. फार गुणाची आहे. उलट उत्तर देत नाही, पाय हलवत गाणी म्हणत नाही. परवा तिला मी कापायलासुद्धा दिलं. कात्री अशी चालवते की बघत राहावं.

तब्येतीला जप. केसांना खारं पाणी लागू देऊ नकोस. आमची आठवण होईल तेव्हा होईल, घाई नाही.

तुझी,
ताई (इकडची)


बेट,
२५ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवणावरची वासना उडाली. खरं सांग, तिला कात्री दिलीस? मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून कापलेले तुकडे उचलले. एकदा, फक्त एकदा, मी कात्रीला हात लावला तेव्हा तू माझ्या बोटांवर चापट मारली होतीस, हे मी विसरलेले नाही. आणि ती घड्याळजींची सून, जिला आपल्या साडीचा फॉल नीट लावता येत नव्हता, तिला आठवड्याभरात कापायला मिळतं. मिळू दे. मशीनच्या पायडलला तेल कमी लागतं, तेवढं तिला सांग. नाहीतर सांगू नकोस, बिघडू दे.

इकडे उद्घाटनाची तारीख ठरली, २१ फेब्रुवारी. पहिल्या दिवशीच बऱ्याच यॉट येणार म्हणतात. मालकांनी प्रत्येकाला घरचं एक माणूस बोलवायला सांगितलंय. मी तुझं नाव दिलं होतं. आता बदलत नाही, पण मनातून रागावले आहे हे कळावं.

राग आहे म्हणून लोभ नाही असं समजू नये.

तुझी,
ठकी


दुकान,
४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

खोळी आजच्या मालबोटीने पाठवल्या आहेत. जातीने बांधून दिल्या. तुझ्या ताईंना दाखव आणि म्हणावं, काम असं असतं.

मशीन चांगलं चाललंय. सुनेचंही बरं चाललंय. बाकी दुकानात शांतता आहे, इतकी की भावजी रेडिओ आणून ठेवतो म्हणाले. मी नको म्हटलं.

उद्घाटनाचं बघते. सांभाळून राहा, आणि माझं पत्र दोनदा वाचत जा.

तुझी,
ताई


बेट,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

खोळी मिळाल्या. ताई, धाकट्या पोराने बापाचा सदरा घालावा तशा गाद्या त्यात दिसत होत्या. मालक नेमके तेव्हाच आले. त्यांनी खोळीचा कोपरा धरून हलवला आणि आतली गादी घसरली. माझं तोंड उतरलं.

जादा कापड मी धरलंय असं लिहून पाठवलं होतं. तरी तू पुन्हा धरलंस. ठकीला कुठलं जमतंय, असंच म्हणाली असशील ना? आणि आता घड्याळजींच्या सुनेवर ढकलू नकोस. प्रत्येक कोपऱ्यावर तुझा डाव्या हाताचा तिरका कट आहे. तुझी कात्री डावऱ्या माणसाची, तिने उजव्या हाताला कागदसुद्धा कापता येत नाही. कुठली सून नि कुठलं काय! माझ्या मशीनवर बसायला कुणी येत नाही हे मला कळलं, आणि मला हसू आलं, आणि मग रडूही आलं. मी दोन आठवडे त्या बिचाऱ्या बाईचा हेवा करत जळत होते.

सजावटीच्या बाईंना मी सांगितलं की मापं लिहिताना माझीच चूक झाली. तुझं नाव खाली जाऊ दिलं नाही. सगळ्या खोळी उसवून मी पुन्हा कापल्या. इथल्या बायकांनी शिवल्या.

आता मुद्द्याचं. बंगल्यांचा दुसरा टप्पा सुरू होतोय आणि शिवणखातं कायमचं माझ्याकडे द्यायचं मालकांच्या मनात आहे. मला राहायचंय ताई. पण आपलं दुकान दोघींचं आहे, तू नको म्हणालीस तर मी पहिल्या बोटीने परत येईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. उद्घाटनाला ये आणि काय ते तोंडावर सांग. पत्रातून ऐकायचं नाही मला. तुझ्यासाठी माझ्या शेजारची खुर्ची सांगून ठेवली आहे.

ओरडलीस तरी चालेल, पण ये.

तुझी,
ठकी


बेट,
२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आली नाहीस. प्रत्येक बोटीला धक्क्यावर जाऊन आले. शेवटी खुर्चीवर कुणाच्या तरी कुत्र्याला बसवलं. उद्घाटन छान झालं. सगळे खूश आहेत. मालकांना रविवारपर्यंत उत्तर हवंय. तुझी तब्येत बरी नसेल तर निदान भावजींना दोन ओळी लिहायला सांग, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

वाट पाहणारी,
ठकी


दुकान,
२५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तब्येत ठणठणीत आहे. मी आले होते.

भावजींना दोरा आणायला जाते म्हणून सांगितलं आणि सकाळच्या बोटीत बसले. तू धक्क्याच्या ज्या टोकाला उभी होतीस तिकडे न उतरता सामान उतरवतात त्या बाजूने आले. केसांवरून पदर घेतला होता. तुला पाहिलं. गळ्यात टेप, बाहीत खोचलेल्या टाचण्या, आणि चार बायका तुझ्या तोंडाकडे बघत उभ्या. तू एकीला काहीतरी समजावत होतीस आणि अजिबात घाई करत नव्हतीस. आपल्या दुकानात तू अशी कधी उभी राहिली नाहीस. मीच राहू दिलं नसेल.

यॉटवरून उतरलेली माणसं ओल्या अंगाने तुझ्या गाद्यांवर खुशाल लोळत होती. एक बाई उठल्यावर मी हळूच खोळीचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. करंगळी शिरायला जागा नव्हती. ठके, इतकं नेमकं मलाही कापता येत नाही. मला तुझा इतका हेवा वाटला की तिथेच बसावंसं वाटलं. मग तुझ्या त्या बाई आल्या आणि त्यांनी तुझ्या केसातला दोऱ्याचा तुकडा काढून फेकला. ते काम माझं होतं. मी मागे वळले आणि परतीच्या बोटीत जाऊन बसले. खुर्चीवरचं कुत्रं मला लांबून दिसलं, छान होतं.

भेटले असते तर तुझं कौतुक करावं लागलं असतं, आणि त्या दिवशी माझ्याच्याने ते होणार नव्हतं. खोटं केलं असतं तर तू ओळखलं असतंस. घरी येऊन भावजींना सगळं सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. त्यांनी चहा केला.

आज कागद घेऊन बसले आहे. तुला तोंडावर ऐकायचं होतं, पण तोंडातून निघायला मला बहुतेक वर्ष जाईल आणि मालकांना रविवारी उत्तर हवंय. म्हणून लिहून पाठवते. राहा.

तुझी,
ताई