गांधार चढतोय

२ जून
दीपचंदीची दुगुन आजही जमली नाही. चौदा मात्रा, आणि मी पंधराव्यावर हजर! गायला सांगा, तासभर गाते. लिहायला बसलं की हात गारठतो. सोळाला पुण्यात एम.ए. संगीताच्या प्रवेशासाठी शास्त्र-परीक्षा. पास झाले तर थेट पहिलं वर्ष. नाहीतर आधी एक 'पायाभूत' वर्ष – म्हणजे एकूण तीन. पप्पांनी दिलीत दोन, मग लग्न. "दोन म्हंजे दोनच." विषय संपला.

५ जून
ऐकून स्वर ओळखायचे – चाळीस मार्क. हे मात्र माझं हुकमी! बीए बहिःस्थ केलं, गुरू कुठला? भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असते, तिच्यावरच लहानपणापासून कान तयार झाला.

आज पेटीवर बसले तर आई भाकरी थापत हळदीचं गाणं म्हणत होती. नेहमीसारखा गांधार वर. डोकंच फिरलं. "आई, गांधार चढतोय तुझा! माझा कान बिघडतो. गप बस ना."

गप बसली. अख्ख्या कळसाडी गावात हळदीला पहिलं बोलावणं तिला येतं.

९ जून
घरात गाणं नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

११ जून
उद्या पुण्याला. मामाकडे आठवडाभर. आई डब्यात दशम्या बांधतेय. बोलते, पण कामापुरतं.

१६ जून
दीपचंदी बरोब्बर आली! पण स्वर ओळखताना घोळ. त्यांचा कोमल गांधार मला शुद्ध वाटे, आणि शुद्ध तर चढलेलाच. त्यांचीच पेटी बिघडलेली असणार!

२५ जून
'पायाभूत'. स्वर ओळखण्यात चाळीसपैकी अकरा. पप्पांनी उठून मुलाकडच्यांना फोन लावला. मी मोरीत जाऊन रडले.

२८ जून
शहाद्याहून पेटी दुरुस्त करणारे झिपरूआप्पा आले. मंडळाने बोलावलेलं. पेटी उघडली, नेमका गांधारच वाजवला, कपाळाला आठ्या. "हाऊ सूर कव्हयना उतरेल शे, पोरी."

म्हणजे कितीतरी वर्षं. आम्ही सगळे त्याच सुरात गात होतो. आई सोडून.

२९ जून
पेटी नीट झाली. आईला म्हटलं, चुकले मी, गा ना. आधी नको नको म्हणाली, मग गायली. गांधार खाली! बिघडलेल्या पेटीचा होता, अगदी तिथेच.

गाणं थांबवून माझ्याकडे बघून हसली. "आते चढस नही ना? तू घर नही व्हती, तवय रोज पेटीवर घोटं मी."