लग्नाच्या पाण्याला वास

आबा,

आज दुपारी मी टाकीवर चढले आणि औषध टाकलं. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरची निवळ टाकीत ओतली. चिमूटभरही हात आखडला नाही. उद्या तुमच्या नातीचं लग्न आहे आणि तुमचा लेक माझ्याशी बोलेनासा झालाय. तुम्ही असता तर मधे पडून म्हणाला असता, "जाऊ दे पोरी, दोन दिसाचा तर सवाल हाय." म्हणूनच लिहायला बसले. हे "जाऊ दे" मला अजून पचलेलं नाही.

सकाळी तो टाकीखाली आला. हातात पत्रिका, तोंडावर लग्नघरातली घाई. "आक्का, दोनच दिस औषद बंद ठिव. चहाला लय वास येतो. पाव्हणे परभणीचे हायत, काय म्हनतील? आपलं नाक कापलं जाईल की." मी म्हटलं, नाक शाबूत राहील आणि पोटही शाबूत राहील, वास घेऊ दे. तर म्हणतो कसा, "आबा ऐकायचे गावाचं. तूच अशी आडमुठी कशी?" आबा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ऐकलं ना त्यांनी गावाचं, त्याचंच तर घर भोगतंय. त्यानं मान फिरवली. तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला काय आठवणार? "तुझ्या पोटची असती तर?" म्हणाला. मी म्हटलं, माझ्या पोटची असती तर आज टाकीवरच अंथरूण टाकलं असतं, पहाऱ्याला. "मग उद्या पहाराच दे. लग्नाला येऊ नको," असं म्हणून तो फटफटी मारून निघून गेला. पत्रिका त्याच्याच हातात राहिली.

मी सातवीत होते, टाकी तुमच्याकडं होती. गावच्या मालकांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं आणि मालक स्वतः आपल्या दारात आले होते. आपल्या दारात मालक येणं म्हणजे केवढी गोष्ट! मायनं घाईनं सतरंजी झटकली. ते बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "दोन दिस ते औषद टाकू नको, बुंदीलाबी वास लागायलाय." तुम्ही म्हणालात, "बरं मालक." एवढंच. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पाईप नालीतून गेलेला, त्याचा सांधा गळतो, नळ बंद झाला की नालीतलं घाण पाणी त्याच भोकातून आत ओढलं जातं, हे तुमच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? तुम्हीच मला ते बोट दाखवून शिकवलं होतं. तरी म्हणालात, बरं मालक.

लग्नात पाणी खरंच गोड लागलं. लोक म्हणाले, असं पाणी बारमाही पाहिजे. तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. माय तिथंच एका सतरंजीवर. तुम्ही माणसं उचलून टेम्पोत घालत होतात. मी घरी, धाकट्या बहिणीजवळ. तीन वर्षांची ती. उलट्या थांबल्या होत्या, जुलाब थांबत नव्हते, डोळे आत गेले होते. सांज व्हायच्या आत तुम्ही आलात, तिला उचललंत आणि विचारलंत, "पानी पाजलं का तिला?" मी म्हटलं, पाजलं. "कुठलं?" मी म्हटलं, माठातलं. तुम्ही तिला घेऊन टेम्पोत चढलात. ताडकळसच्या दवाखान्याच्या अलीकडेच, वाटेत, ती गेली. परत आल्यावर तुम्ही तो माठ उचलून उंबऱ्यावर फोडला आणि खापऱ्यांवर बसून रडलात. बापमाणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर एकही दिवस तुम्ही औषध चुकवलं नाही, हेही खरं. पण मालकांना एक शब्द कधी बोलला नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना टोपी तशीच सारखी करायचात. मला त्याचा राग यायचा. अजून येतो. नवरा वारल्यावर मी माहेरी आले, तुमच्याबरोबर टाकीवर चढू लागले, तेव्हा एकदा पोत्याचं तोंड उघडं राहिलं माझ्याकडून. केवढे ओरडलात! "तोंड उघडं ठिवलं की पावडर मरती! मेलेली पावडर टाकायची आन् गावाला जितं ठेवायचं व्हय?" त्याच आठवड्यात तुम्ही मला ती तपासणीची पेटी दिलीत. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर औषध आहे. "नाकावर इसवास ठेवू नको, डोळ्यानं बघ," म्हणालात. तुमच्या जागी पंचायतीनं मला घेतलं तेव्हा लोक हसले, बाईमाणूस टाकीवर चढणार म्हणून. हसू दे. मी गळके सांधे बदलून घेतले, ग्रामसेवकाच्या डोक्यावर बसून. नळाला मोटार लावणाऱ्यांशी भांडले, कारण मोटार पाण्याबरोबर नालीही ओढते. जुलाब लागलेल्या लेकराची आई दिसली की घरात घुसते. पाणी तोडू नको, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घाल नाहीतर ओआरएसची पुडी आण, घोट घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठ, असं बजावते. मागे एक सासू म्हणाली, पाजलं की जुलाब वाढतात. मी तिच्या हातातला पेला हिसकावून स्वतः लेकराला पाजलं. गाव म्हणतं, बाई तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ.

आत्ता लिहिता लिहिता तुमची नात आली होती. हळद लागलेली पोर, घरातून पळून, टाकीखाली! "आत्या, पिवळं झालं का?" मी नळी तिच्यासमोर धरली. तिनं आपला हात नळीशेजारी धरून पाहिला, हसली. "मग झालं तर. तू ये उद्या. पप्पाकडं मी बघते. तू आली न्हाईस तर मी बोहल्यावर चढायची न्हाई." तुमच्या वंशात हो न म्हणणारी आणखी एक निघाली, आबा. मी जाणार आहे. पहिल्या पंगतीला पाणी मीच वाढणार आहे, आणि कुणी नाक मुरडलं तर तिथंच सांगणार आहे वास कशाचा आहे ते.

हा कागद पेटीत, नळ्यांखाली ठेवेन. तुम्हाला पोचता झाला असता तर मी लिहिला असता का, कोण जाणे. कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मला कधीच सांगता आली नाही. त्या दिवशी चुलती सांगून गेली होती, "पानी देऊ नको, जेवढं पाजशील तेवढं भायेर पडंल." धाकटी दुपारभर "आक्का, पानी" म्हणत होती. मी पेला उचलून फळीवर ठेवला, तिला दिसू नये म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून खोटं बोलले. तुम्ही माठ फोडलात आणि तिला शेवटचं ते पाणी पोचलं म्हणून जन्मभर स्वतःला खात राहिलात. मी बघत राहिले. आबा, त्या माठातला एक घोटसुद्धा मी तिला दिला नव्हता.