दांडीच्या जागी बटण

शनि. २१ फेब्रु., बेस्ट, नेदरलँड्स
कॅलिपर आले. मागच्या चाकांचे, दोन, भंगारात निघालेल्या एका गाडीचे. चाकाच्या चकतीला धरणारा चिमटा, बाकी काही नाही. पण ह्याच्या पाठीवर छोटी मोटर आहे. बटण दाबलं की चिमटा आवळतो, हँडब्रेकची दांडी ओढायला नको. धुऊन पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवले. श्री विचारेल म्हणून थाप तयार होती (ऑफिसचं आहे). त्याने विचारलंच नाही. आमच्या टेबलावर काहीही असतं.

ठरलं. पाडव्याला त्याच्या गाडीत उजव्या हाताने ओढायच्या हँडब्रेकऐवजी बटण. तोवर चकार शब्द नाही.

ऑक्टोबरात ओल्या पानांवरून सायकल घसरली आणि ह्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं. नस मात्र... बोटं अर्धीच मिटतात. डॉक्टर म्हणतात वर्षभर वाट बघा. चार वर्षं एकेक सुटा भाग जोडून गाडी उभी करणारा माणूस, आता डब्याचं झाकण उघडत नसलं तर सांगत नाही, डबा नुसता माझ्या बाजूला सरकवतो.

बुध. २५ फेब्रु.
गाडी शेजारच्या हेंककाकांच्या गॅरेजमध्ये असते. (बहात्तरचे आहेत, काका म्हणवून घ्यायला आता शिकलेत.) श्री रोज सकाळी युट्रेख्टची ट्रेन पकडण्याआधी तिथे जाऊन बसतो. आज स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. कट्. कट् कट्. मग बराच वेळ काही नाही, आणि खाडकन दांडी सुटल्याचा आवाज. परत कट्.

ओढतोय आणि जमत नाहीये. मला ऐकवेना, खिडकी लावून घेतली. आल्यावर विचारलं काय करतोस तिथे, तर म्हणाला, "बसतो जरा."

बटणाचा बेत बरोबर आहे. आज शंभर टक्के पटलं.

रवि. १ मार्च
पुण्याहून आईंचा व्हिडिओ कॉल, नेमका जेवताना. श्रीने फोन पटकन वर केला, डाव्या हाताने जेवतोय ते दिसू नये म्हणून. आई म्हणाल्या, नुसतं कपाळ काय दाखवतोस, जरा खाली धर. त्यांना वाटतं हात कधीच बरा झाला. शुक्रवारी हा त्यांच्याकडे चाललाय. मी विचारलं, तिथे पानावर बसशील तेव्हा काय करणार? म्हणाला, उपास धरीन.

हसलो दोघं. मग भांडी घासताना माझं मलाच रडू आलं. हात परत येणार की नाही, ह्या घरात सध्या दुसरा विषय नाही, आणि हाच कुणी काढत नाही.

शनि. ७ मार्च
श्री काल गेला, अठराला येतो. माझीही आठवडाभर रजा. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली, मागची चाकं काढली. हेंककाकांनी हीटर लावून दिला आणि खुर्ची टाकून बसले. हे सगळं श्रीला माहीत आहे का, त्यांनी विचारलं. म्हटलं, सरप्राइज. ते काहीतरी बोलणार होते, मग कॉफी आणायला गेले.

जुने कॅलिपर निघाले, नवे बसले. फरशी बर्फासारखी. पाठीचे हाल.

सोम. ९ मार्च
काही कळत नाही. बटण दाबलं की डावं चाक आवळतं, उजवं सुटतं. सोडायचं बटण दाबलं की उजवं आवळतं, डावं सुटतं. काय नवराबायको आहेत की ब्रेक?

कंट्रोलर दोनदा काढून लावला. अर्थिंग तपासलं. विकणाऱ्याला ईमेल. दिवसभर कोट्यवधींच्या मशीन दुरुस्त करते मी, आणि एक हँडब्रेक दाद देत नाही.

श्रीचा फोन. आईंनी पुरणपोळी केली, ह्याने चमच्याने खाल्ली, त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदम: "गाडी ठीक आहे ना?" गाडीला काय होणार? काळजीने विचारल्यासारखं का विचारलं?

बुध. ११ मार्च
सापडलं. उजव्या प्लगमध्ये तारांचा क्रम डाव्याच्या उलट आहे आणि मी रंगावर विश्वास ठेवून मोकळी. दोन तारा अदलाबदल. मीटरने पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं. न मोजता गृहीत धरलं. ऑफिसात ज्युनियरने हे केलं असतं तर त्याची खैर नव्हती.

आता दोन्ही एकदम आवळतात. बारीक घरघर, मग लाल दिवा. लहान मुलीसारखं वीस वेळा दाबलं.

शुक्र. १३ मार्च
ब्रेक उतारावर तपासायचा. बेस्टमध्ये उतार शोधून दाखवा. एकच पूल आहे, पण गाडीला अजून नंबर नाही, रस्त्यावर काढता येत नाही. शेवटी काकांच्या ट्रेलरच्या लोखंडी फळ्या लावून मागची चाकं वर चढवली. चाकांपुढे ठोकळे ठेवले, बटण दाबलं, ठोकळे काढले.

हलली नाही. तासभर तशीच. मी फळीवर बसून डबा खाल्ला. इतकी खूश मी ऑक्टोबरनंतर झाले नव्हते.

शनि. १४ मार्च
गॅरेज आवरलं. आमच्या कामातला नियम: नवा भाग चालला की जुना त्याच दिवशी बाहेर, नाहीतर कुणीतरी चुकून परत बसवतो. दांडी, तिच्या केबल, जुने कॅलिपर, पुठ्ठे, सगळं काकांच्या ट्रेलरमधून मिल्यूस्ट्राटला, म्हणजे नगरपालिकेच्या कचरा-केंद्रात. लोखंडाच्या डब्यात टाकलं. दांडीची जागा ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद केली, त्यात बटण. कारखान्यातून आल्यासारखं दिसतंय.

गुरु. १९ मार्च, पाडवा
अर्धी रजा. बाल्कनीत छोटी गुढी, वाऱ्याने दोनदा आडवी. कडुनिंब नाहीच, नुसता गूळ. श्रीला डोळे मिटून गॅरेजमध्ये नेलं. नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबं. म्हटलं, बस, बटण दाब.

बसला. उजवा हात नेहमीसारखा बाजूला गेला, जिथे दांडी असायची तिथे. पत्र्यावर नुसता ठेवून राहिला. मग डाव्या हाताने बटण दाबलं. घरघर. लाल दिवा.

"छान केलंस," म्हणाला. मग, "दांडी कुठंय?"

मिल्यूस्ट्राटला दिली म्हटलं.

"बरं."

एवढंच. बरं. हेंककाका जमिनीकडे बघत होते. श्रीखंडाला त्याने बोट लावलं नाही. मी आठवडाभर त्या फरशीवर पाठ मोडली ती कशासाठी? करायला गेले काय आणि... नाही, मला खरंच कळत नाहीये काय झालं.

शनि. २१ मार्च
नीट बोलतो. मीठ दे म्हणतो, थँक्स म्हणतो. भांडला असता तर बरं झालं असतं. सकाळी गॅरेजमध्ये गेला नाही. कालही नाही.

मीही तोंड फिरवून आहे. चूक काय ते तरी सांगावं माणसाने.

रवि. २२ मार्च
पक्कड परत द्यायला काकांकडे गेले. त्यांनी बसवून घेतलं. म्हणाले, मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणून त्या दिवशी बोललो नाही.

श्री रोज सकाळी दांडी ओढायचा. जमत नाही म्हणून नाही. किती खाचा जमतात ते बघायला. प्रत्येक खाचेला पुटपुटत आकडा म्हणायचा, मराठीत. ऐकून ऐकून काकांना पाठ झालेत: "दोन, तीन, चार." एका सकाळी नवा आकडा आला, त्यांना तो येत नव्हता, श्रीने शिकवला. पाच. दोघांनी कॉफीबरोबर केक खाल्ला.

गॅरेजच्या भिंतीवरच्या फळीवर पेन्सिलने आकडे आहेत, देवनागरीत. मी ते आधी पाहिलेत. नटबोल्टांचे असतील म्हणून सोडून दिले. जानेवारी: २, २, २, ३. मग ३, ४, ४, ५. शेवटचा पुण्याला जायच्या दिवशीचा, ६. गाडी उतारावर धरायला आठ खाचा लागणार होत्या.

फिजिओकडच्या पकड मोजायच्या उपकरणावर काही हलत नव्हतं. ह्या दांडीवर हलत होतं. दोनावरून सहावर. आणि खिडकीतून ऐकूनही मी मोजलं नाही.

सोम. २३ मार्च
कामावर जायच्या आधी मिल्यूस्ट्राट. नारिंगी जाकिटातला माणूस, सभ्य. डब्यात गेलेलं बाहेर काढता येत नाही, नियम आहे. म्हटलं बघू तरी द्या. म्हणाला, मेव्हराऊ (म्हणजे बाई), तो डबा गेल्या आठवड्यात दोनदा रिकामा झाला. तरी मी कठड्यावरून वाकून पाहिलं. सायकली, एक इस्त्रीचा स्टँड, रेडिएटर.

माझ्या गाडीत बसून दहा मिनिटं रडले. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगला उशीर.

बुध. २५ मार्च
कांदा चिरत होता, डाव्या हाताने, मोठे मोठे तुकडे. मी म्हटलं, काकांनी सांगितलं. मला फार वाईट वाटतंय, श्री. मला तुला विचारायला हवं होतं.

तो चिरत राहिला.

"तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर तू तक्ता केला असतास."

केला असता. रंगीत. रोज संध्याकाळी समोर धरला असता, आणि ज्या दिवशी पाचाचा चार झाला असता त्या दिवशी कारणं विचारली असती.

मग म्हणाला, "बटण बघितलं आणि वाटलं, हिने निकाल लावला. हिला मशीनचं कळतं. हिला वाटतंय हात येणार नाही."

"मला वाटलं तुला दुखतं."

"दुखतंच. म्हणून तर कळायचं, काहीतरी चाललंय आत."

थोड्या वेळाने विचारलं त्याने, सरळ माझ्याकडे बघून. येईल का गं?

माहीत नाही म्हटलं. पहिल्यांदाच खरं बोललो दोघं ह्या विषयावर. भाजी करपली.

शुक्र. २७ मार्च
नोंदणीच्या तपासणीचा फॉर्म सोमवारपर्यंत पाठवायचा. एक रकाना, पार्किंग ब्रेक कोणता: हाताचा की इलेक्ट्रिक. जे लिहू तेच गाडीत असावं लागतं. माझं बटण चालतं, पास होईल. दांडी परत बसवायची तर कॅलिपर, केबल, सगळं नव्याने. जमेल. पुन्हा फरशीवर झोपीन. पण त्याला काय हवंय? विचारू का? की विचारणंही घाई?

आत्तापर्यंत न विचारता केलं, आता विचारायला भीती वाटते. काय चाललंय माझं.

शनि. २८ मार्च
सकाळी काकांनी हाक मारली. कुठूनशी दांडी पैदा केलीय, दुसऱ्याच कुठल्या गाडीची. वर्कबेंचच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून ठेवलेली. खाली एक जाड स्प्रिंग बांधलेली, ओढायला वजन हवं म्हणून. श्री स्टुलावर बसलेला. मी दारातच थांबले. जाऊ की राहू कळेना. तो म्हणाला, ये.

ओढली. एक. दोन. तीन. सुटली.

तीन. सहा होते. तीन आठवडे बंद होतं म्हणून हात मागे गेला? की ह्या दांडीच्या खाचा लांब, स्प्रिंग जड? मी मनातल्या मनात खाचांमधलं अंतर मोजायला लागले, जुन्याशी कसं जुळवायचं... जुळणार नाही. जुनी दांडी असती तरच कळलं असतं. तो सहा आता कशाशीच ताडता येणार नाही, आणि हे मी केलंय.

काकांनी पेन्सिल पुढे केली. श्रीने घेतली नाही, माझ्याकडे बघितलं. मी फळीवर लिहिलं, जुन्या आकड्यांच्या खाली जागा सोडून: ३.

"फॉर्ममध्ये काय लिहायचं?" विचारून टाकलं.

"सोमवारी सांगतो."

बोटं चोळली, परत दांडीला लावली. करंगळी मिटत नव्हती, ती डाव्या हाताने आत दुमडली. एक. दोन. तीन. दात ओठांवर. चौथी लागली असं वाटलं, सुटली. काका म्हणाले, "चार?" श्रीने मान हलवली, नाही, आणि पुन्हा धरली.